पाटावरचे चार ठोके

गाणं सुरू झालेलं लोकांना कळतच नाही, अशी रचना मी केली. पहिल्यांदा ती चारचौघांत वाजवली तेव्हा सांगलीच्या विश्रामबागेत मी मुलींच्या शाळेत संगीत शिकवत होते, आणि शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी पेटीवर पाच सूर धरले. सा, रे, प, रे, म. तेच पाच, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा. पाचेक मिनिटं झाली. माईकपाशी उभ्या असलेल्या हिंदीच्या सरांना वाटलं, बाई अजून सूर लावताहेत. मोठ्या समजूतदारपणे त्यांनी जाहीर केलं की पेटीची तयारी होईपर्यंत आठवीच्या मुली कोळीनृत्य सादर करतील. मुली टोपल्या घेऊन आल्यासुद्धा. मी भाता बंद केला आणि पेटी ओढत विंगेत गेले. नंतर मुख्याध्यापिकाबाईंनी चहा देता देता विचारलं, "मग तुमचं गाणं कधी होतं?"

मी म्हटलं, ते झालं. त्या हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली.

त्या पाच सुरांचा जन्म पलट्यांतून झाला. मी ज्यांच्याकडे शिकत होते त्या गुरुजींनी रोज पहाटे घोटायला पलटे, म्हणजे सुरांच्या त्याच त्या सरावाच्या ओळी, दिले होते. बाकीच्या शिष्यांना कधी एकदा पलटे संपतात आणि बंदिश मिळते असं व्हायचं. माझं उलट होतं. एकच पलटा वीस मिनिटं वाजवला की त्यातले सूर आपापली जागा सोडून पुढेमागे व्हायला लागल्यासारखे वाटायचे, आणि मला आणखी काही नकोसं व्हायचं. गुरुजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, पलटा म्हणजे पायरी, पायरीवर कोणी संसार मांडतं का? मला पायरीवरच बसायचं होतं. पण तेव्हा उलटून बोलायची सोय नव्हती, म्हणून घरी येऊन भिंतीला बोलले.

भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा रेडिओ असायचा. सकाळी सातपासून सिनेमातली गाणी. आधी मला त्याचा संताप यायचा. मग एकदा माझे पाच सूर चालू असताना पलीकडून एक लाडिक गाणं आलं आणि नेमकं माझ्या सुरांवर येऊन बसलं. माझे सूर तेच होते, पण त्यांचा रंगच बदलला. मी ऐकत राहिले, हात चालू ठेवून. त्या दिवसापासून मी सिनेमातल्या चालींचे तुकडे त्या पाच सुरांत येऊ द्यायला लागले. एखादी ओळ यायची, थोडी रेंगाळायची, मी तिला मनाला येईल तशी वळवायची, आणि मग ती निघून जायची. खाली पाच सूर तसेच. मी कोणाला विचारून केलं नव्हतं आणि हे असं कुठे करतात याचा मला पत्ता नव्हता. गुरुजींच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मला येऊ नको असं सांगितलं नाही, फक्त शिकवायचं बंद केलं. मी जायची, बसायची, यायची. दोन महिन्यांनी मीच थांबले.

खरी अडचण वेगळी होती. हे एकट्याने वाजवायचं संगीत नव्हतं. माझे पाच सूर चालू असताना कुणीतरी चार ठोके धरायला हवे होते. पाचाला चार, म्हणजे वीस मात्रांनी दोघं एकत्र येणार, मग पुन्हा फाकणार. मधेच मी एखादा सूर गाळायची, एखादी जागा रिकामी सोडायची, गाण्याची ओळ आणायची. पण ठोके मात्र बदलता कामा नयेत. इतकं साधं काम, पण करणारा माणूस मिळेना. शाळेच्या तबलजींना बसवून पाहिलं. तीन मिनिटं नुसते ठोके धरले, मग त्यांच्या बोटांना खाज सुटली आणि त्यांनी तिहाई घेतली, एकच बोल तीनदा फिरवून समेवर आले. दुसऱ्यांदा बसवलं तर दुसऱ्या मिनिटाला घेतली. मी तशी तोंडाने फटकळ, बोलले. ते पुन्हा आले नाहीत. नववीतल्या एका मुलीला टाळ देऊन बसवलं, ती झोपली.

लग्न झालं होतं माझं. नवरा पलटणीत होता, बँडमध्ये, साइड ड्रम वाजवायचा. मेढ्याच्या वर डोंगरात त्यांचं गाव, थोडी भाताची खाचरं, घरटी एक माणूस फौजेत. समोरासमोर मी त्याला अहो-जाहो करायची. मनात मात्र तो 'तो'च होता, म्हणून इथेही तसंच लिहिते. वर्षातून दोन महिने सुट्टी. त्यातला एक महिना गावाकडे, एक सांगलीत. आमचं लग्न एकाहत्तरच्या लढाईनंतरचं, त्यामुळे त्या आधीचं त्याचं आयुष्य मला ठाऊक नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. पहिल्या सुट्टीत आम्हाला बोलायला विषयच सापडेना. त्याने मोरीतला नळ दुरुस्त केला. आमटी चांगली झालीय म्हणाला. खिडकीत बसून रस्ता पाहायचा. मी शाळेतून यायची तेव्हा तो चहा करून ठेवायचा आणि आम्ही दोघं आपापल्या कपात बघत तो प्यायचो. तो गेला तेव्हा घर मोकळं झालं असं मला वाटलं आणि तसं वाटल्याची लाज वाटली. मग दहा महिने एकटी. पंधरा दिवसांनी एक कार्ड यायचं, मी खुशाल आहे, तू खुशाल असशील. त्याला मी खुशाल असल्याचं कळवायची. मी खुशाल नव्हते. संध्याकाळी शाळा सुटली की घरी जायचं जिवावर यायचं.

दुसऱ्या सुट्टीत एका दुपारी मी पाच सूर वाजवत बसले होते. तो जेवून उठला, ज्या पाटावर बसला होता तो पाट त्याने उलटा केला, ट्रंकेतून दोन काठ्या काढल्या. ड्रम पलटणीचा, पण काठ्या त्याच्या स्वतःच्या होत्या. माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"म्या काय वाजवू?"

मी म्हटलं, चार ठोके, पहिला जरा जड. बदलायचे नाहीत.

"किती येळ?"

"मी थांबेपर्यंत."

त्याने मान हलवली आणि सुरू केलं. मी वाट पाहत होते, आता कंटाळेल, आता काहीतरी करून दाखवेल. दहा मिनिटं झाली. वीस झाली. ठोके होते तिथेच. इतके पक्के, की मी त्यांच्यावर पाय टाकून कुठेही जाऊन येऊ शकत होते. मी एक सूर गाळला, पुन्हा आणला, रेडिओवरची एक ओळ आणली, ती उलटी केली, मोडली, आणि प्रत्येक वेळी परत आले तर तो तिथेच. चुलीवर, म्हणजे स्टोव्हवर, दूध उतू गेलं. जळका वास आला. तो उठला नाही, मीही नाही. थांबलो तेव्हा तासाच्या वर झाला होता आणि मला हुंदका आला. तो घाबरला, म्हणाला, चुकलं का काय? मी म्हटलं, नाही हो. आयुष्यात मला कोणी इतका वेळ सोबत केली नव्हती, हे त्याला सांगायला हवं होतं. मी स्टोव्ह पुसायला उठले.

त्यानंतर त्या सुट्टीत आम्ही रोज वाजवलं. आणि गंमत म्हणजे बोलायलाही लागलो. तो पलटणीतल्या खाण्याच्या, थंडीच्या, एका चोरट्या खेचराच्या गोष्टी सांगायचा. मी शाळेतल्या बायकांच्या नकला करायची. तो मला मास्तरीणबाई म्हणायचा. चुकलेल्या मुलीला मी कशी मधेच तोडते, भुवया कशा करते, याची तो हुबेहूब नक्कल करायचा आणि मी चिडले की आणखी करायचा.

पुढच्या सुट्टीला तो टेपरेकॉर्डर घेऊन आला. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने दारं-खिडक्या लावायला सांगितल्या, पाट घेतला, आणि कॅसेटच्या दोन्ही बाजू भरून ते चार ठोके वाजवून ठेवले. सुरुवात कळावी म्हणून मी पेटीवर एकदा सा दाबला, तेवढाच माझा भाग. बाजू उलटताना तो फक्त पाणी प्यायला. म्हणाला, मी नसलो तरी आता अडायचं न्हाई तुझं.

खरंच अडलं नाही. रोज संध्याकाळी शाळेतून यायचं, हातपाय धुवायचे, बटण दाबायचं. तो नसायचा, पण ठोके असायचे. त्या वर्षांत मी जे काही रचलं ते सगळं त्या कॅसेटवर रचलं. पुढच्या दोन सुट्ट्या मात्र त्याच्या गावातच गेल्या. सासरे अंथरुणाला खिळले होते, तो तिकडेच राहिला; मी चार-आठ दिवस जाऊन यायची. तिथे पेटी नव्हती, आणि आजाऱ्याच्या घरात वाजवायचं तरी काय. तिकडून परत आले की दार उघडून आधी टेप लावायची. खरं सांगायचं तर मला तो टेपवरचा जास्त ओळखीचा झाला होता.

मग तो पेन्शनीत आला. काळी ट्रंक, वळकटी, आणि आता जायचं नाही. इथल्याच एका कॉलेजात त्याला ग्राउंडवरचं काम मिळणार होतं. इतकी वर्षं आम्ही ज्याच्यासाठी थांबलो ते हेच, एका घरात राहणं. मी दोन नवे पाटसुद्धा आणले, एक जेवायला आणि एक वाजवायला.

पहिल्याच रविवारी आम्ही बसलो. त्याने सुरू केलं आणि मला बोटं पळवावी लागली. मी थांबले. म्हटलं, लय वाढलीय तुमची. त्याने मान हलवली, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मी पुन्हा तोडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, तिसऱ्यांदा वाजवलं. आणि मी, जशी शाळेत उठते तशी उठले, टेप आणून त्याच्यासमोर ठेवला आणि बटण दाबलं.

"हे ऐका. असं वाजवायचं असतं."

त्याने ऐकलं. थोडं नाही, एक बाजू पूर्ण, गुडघ्यांवर हात ठेवून. बटण आपोआप वर आलं तेव्हा म्हणाला, "ह्यो बरूबर वाजवतोय. तू ह्याच्यासंगंच वाजव."

काठ्या त्याने ट्रंकेत ठेवल्या. मला वाटलं, रुसलाय. मी पिठलं केलं, त्याला आवडतं म्हणून. त्याने ते आवडीने खाल्लं, त्यामुळे मिटलं असं मी धरून चालले. आठवड्याने तो भाताच्या कापणीसाठी गावाकडे गेला. मग कार्ड आलं, इकडे बरंच काम आहे, कॉलेजातल्यांना सांग की माझी वाट पाहू नका.

ते कार्ड हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पलटणीतून यायची ती कार्डं मी कधी दोनदा वाचली नव्हती.

तरीही मला माझी चूक कळली नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. मला वाटत होतं, माणूस मानी आहे, फौजी आहे, बायकोने शिकवलेलं सोसलं नाही. मी टेपबरोबर वाजवत राहिले. मग एक दिवस टेप घरघरला आणि बंद पडला. स्टँडजवळच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने आतला रबरी पट्टा काढून दाखवला, धुतलेल्या नाडीसारखा लोंबत होता. नवा घातला आणि माझीच कॅसेट लावून बघितली. मी लगेच म्हटलं, तुम्ही बिघडवलात, हा जलद वाजतोय.

"बाई, हा आता नीट वाजतोय," तो म्हणाला. "आधी रडत होता, सैल पट्ट्यावर हळू फिरत होता. दोन वर्षं तरी रडत असणार. रोज थोडा थोडा, म्हणून तुम्हाला कळलं न्हाई."

घरी आले, कॅसेट सुरुवातीला नेली आणि तो पहिला सा ऐकला. तोच सा पेटीवर दाबला. दोन्ही एक झाले. त्यापुढे ठोके सुरू झाले, आणि ते अगदी तसे होते जसे त्या रविवारी त्याने माझ्यासमोर वाजवले होते. केसभरही फरक नव्हता. इतक्या वर्षांनी त्याने लय जिथे ठेवली होती तिथूनच उचलली होती. सरकले होते मी. सुरांवर पोट भरणारी बाई मी, आणि मला माझ्या घरातला सा उतरलेला कळला नाही, कारण मी नेहमी सुरुवात सोडून कॅसेट पुढे न्यायची. मी पेटीवर डोकं टेकून रडले आणि त्याने काहीसुद्धा हलकं झालं नाही.

शनिवारी अर्धी शाळा करून एसटी पकडली. साताऱ्याला गाडी बदलून मेढा, तिथून चालत. तो खळ्यावर होता, पेंढा रचत. मला बघून हातातलं काम टाकून आला, पाणी आणलं. मी पाणी न पिताच सांगायला लागले, पट्टा, दुकानदार, सा, सगळं एका दमात. शेवटी म्हटलं, तुम्ही बरोबर होतात.

"ठावं हुतं," तो म्हणाला.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

तो खाली बसला. त्याने मला तेव्हा पहिल्यांदा लढाईतलं सांगितलं. बँडवाल्यांना लढाईत वाजवायचं काम नसतं, त्यांच्या हातात स्ट्रेचर देतात. दोघांनी एक माणूस उचलायचा. "पुढच्याचा डावा पाय पडला की मागच्याचा उजवा पडाया पायजे," तो म्हणाला. "दोघांचा येकच पाय पडला तर स्ट्रेचर हिंदकळतं. चाल येक, पाय येगळं. मी मागं असायचो. मागच्याला पुढचं काय दिसत न्हाई, निसती चाल धरायची. तसं वाजवत हुतो मी तुझ्यासंगं."

मला वाटलं होतं, वेगळे पाय टाकत एकत्र राहणारं ते पाचाला चार मी शोधून काढलंय.

मग म्हणाला, "तीन वरसं तू त्या टेपवाल्यासंगं वाजवलंस. तुला त्यो बरा वाटत हुता. पुढचं माणूस म्हणालं चाल चुकली, तर मागच्यानं वाद घालायचा नसतो गं. थांबायचं."

मी माफी मागितली. अशी स्पष्ट, त्याच्या गावात, त्याच्या चुलत्यासमोर. त्याने चुलत्याकडे बघून मला गप केलं आणि म्हणाला, येतो, पेंढा रचून झाला की येतो.

तो आला. कॉलेजातलं काम गेलं होतं, दुसरं मिळालं. आम्ही एका घरात राहायला लागलो, आणि लोकांचे संसार होतात तसा आमचा झाला, भांडणं कमीच. पण वाजवणं? मी हट्ट करून एकदा बसवलं. त्याने पाट घेतला, काठ्या घेतल्या, ठोके सुरू केले. लय अचूक होती. पण दर चौथ्या ठोक्याला तो मान वर करून माझ्या तोंडाकडे बघायचा. बरोबर चाललंय ना, असं. पहिल्या वेळी दूध उतू गेलं तरी जो उठला नव्हता, तो. मी पाच मिनिटांत भाता बंद केला आणि म्हटलं, राहू दे. तोही बरं म्हणाला आणि काठ्या पुसून ठेवल्या.

तेव्हा मी टेपवरच वाजवलं. पुढच्या वर्षी सांगलीच्या एका छोट्या सभागृहात माझा कार्यक्रम ठेवला. पेटी, शेजारी स्टुलावर टेपरेकॉर्डर. ऐकायला चाळीसेक माणसं, त्यात पुण्यामुंबईकडचे दोघंतिघं, त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ह्या वेळी कोणी कोळीनृत्य जाहीर केलं नाही. तीस मिनिटं वाजवलं, कॅसेट उलटली, पुन्हा तीस. टाळ्या बऱ्या झाल्या. मुंबईच्या एकाने सांगितलं, परदेशात आता काही लोक असं करायला लागलेत, तुम्ही इथे बसून आधीच करत होतात, बाई. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तो मुंबईचा माणूस सगळं बारकाईने विचारत होता. सिनेमाची चाल कुठून येते, आयत्या वेळी किती सुचतं, आणि हे ठोके कोणाचे? इतके स्थिर ठोके त्याने ऐकले नव्हते. मी म्हटलं, आमच्या मिस्टरांचे, ते पलटणीच्या बँडमध्ये होते.

"अच्छा," तो म्हणाला. "म्हणून टेप. ते अजून तिकडेच असतात का, बॉर्डरवर?"

मी हो म्हटलं.

का म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. लांबलचक सांगावं लागलं असतं, आणि त्या माणसासमोर मला ते सांगायचं नव्हतं. माझा नवरा माझ्या मागेच उभा होता, टेपरेकॉर्डरची वायर कोपराला गुंडाळत. त्याने वायर गुंडाळून संपवली, टेप पिशवीत घातला, पेटी उचलली आणि माझ्या पुढे जिना उतरला.

रिक्षात पेटी त्याच्या मांडीवर होती. विश्रामबागेचा चौक आल्यावर मी म्हटलं, अहो, मघाशी मी उगाच बोलले.

"न्हाई," तो म्हणाला. "बरूबर सांगितलंस तू. त्यो वाजवणारा अजून तिकडंच हाय."